पहिली मैफल: कानाआधी हात कामाला लावा

‘शास्त्रीय संगीत आवडतं हो, पण त्यातलं कळत नाही’ हे वाक्य मध्यंतरात चहाच्या रांगेत हमखास ऐकू येतं. मग असा माणूस एखादं पुस्तक आणतो, दहा थाटांची नावं पाठ करतो, आरोह-अवरोह लिहून काढतो आणि दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून देतो. त्याची काहीच चूक नाही. व्याकरणापासून सुरुवात केली की कुठलीही भाषा नकोशी होते.

माझं मत थोडं वेगळं आहे. नव्या माणसाने सुरुवातीला रागाच्या मागे लागूच नये. हात कामाला लावावेत. बोटांवर ताल मोजावा, हाताशी पेन्सिल ठेवावी, वहीत चार ओळी लिहाव्यात. हाताला काम असलं की मन भटकत नाही आणि कान आपोआप उघडतात. चित्रकलेची, लिखाणाची, हस्तकलेची थोडीफार आवड असेल तर फारच उत्तम. नसली तरी चालेल, ती लागते.

घरी: आधी सम पकडा

पहिले तीन-चार आठवडे घरीच घालवा. रोज अर्धा तास पुरे. सुरुवात तीनतालापासून करा. सोळा मात्रा (मात्रा म्हणजे तालातला एक ठोका), चार-चारचे चार भाग: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर काल म्हणजे खाली, तिथे टाळी न देता हात नुसता हलवायचा. मोजायची सोपी पद्धत अशी: अंगठ्याने एका बोटाची तीन पेरं आणि टोक मोजलं की चार मात्रा होतात. चार बोटं संपली की सोळा. पुन्हा पहिल्या पेरावर आलात की ती सम. एकतालासाठी टोक सोडून फक्त पेरं मोजायची, चार त्रिक बारा. शेजारच्याला कळतही नाही की तुम्ही मोजताय.

मध्य आणि द्रुत लयीत हे दोन-तीन दिवसांत जमतं. खरी परीक्षा विलंबित एकतालात असते. ख्याल या मैफलीत बहुधा ऐकू येणाऱ्या गायनप्रकारात लय इतकी संथ असू शकते की बारा मात्रांचं एक आवर्तन व्हायला जवळपास मिनिट लागतं. तिथे मात्रा मोजत बसू नका, दमछाक होईल. ठेक्याचे, म्हणजे तबल्यावर वाजणाऱ्या ठरलेल्या बोलांचे, शेवटचे बोल ओळखा: धागे, तिरकिट, धी, ना, आणि मग समेचा धिं. ‘तिरकिट’ हा भरगच्च बोल आवर्तनात दोनदा येतो. दुसऱ्यांदा आला की सम जवळ आली असं समजा. त्याच वेळी गायकही बंदिशीच्या मुखड्याकडे, म्हणजे पहिल्या ओळीकडे, वळलेला दिसेल. तबला आणि गाणं समेवर एकाच क्षणी एकत्र येतात आणि सभागृहात शंभर माना एकदम हलतात. तुमची मान त्या शंभरांबरोबर हलली की अर्धं काम झालं.

रूपक मात्र नव्या माणसाला चकवतो. सात मात्रांचा हा ताल, आणि त्याची सम खालीवर आहे. टाळीची वाट पाहत बसलात तर सम निघून जाते.

रागाचं काय? एकच राग घ्या आणि महिनाभर तोच ऐका. मी भूप सुचवेन. त्यात पाचच स्वर आहेत, सा रे ग प ध. मध्यम (म) आणि निषाद (नि) नाहीत. गायिका किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐका, मग तोच राग सतारीवर, बासरीवर, दुसऱ्या घराण्याच्या गायकाकडून ऐका. कंटाळा यायला लागला की देशकार लावा. स्वर तेच पाच, पण हा सकाळचा राग, धैवतावर (ध) जोर असलेला, वरच्या सप्तकाकडे ओढ घेणारा. तेच पाच स्वर असून दोन वेगळी माणसं समोर उभी राहतात. राग म्हणजे नेमकं काय हे यातून जितकं समजतं तितकं व्याख्या वाचून समजत नाही.

ऐकायला पैसे लागत नाहीत. आकाशवाणीची ‘रागम्’ ही शास्त्रीय संगीताची वाहिनी 2016पासून सुरू आहे आणि ती मोबाइलवरही लागते. आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम तर 1952पासूनचा. घरात कुणी वयस्कर असतील तर त्यांना विचारा, शनिवारी रात्री रेडिओभोवती कसं बसायचे ते सांगतील. एक पथ्य मात्र पाळा: भांडी घासताना लावलेलं गाणं ऐकण्यात धरायचं नाही. तेही लावा, पण वर सांगितलेला अर्धा तास वेगळा.

पहिली मैफल छोटी निवडा

पहिल्याच फटक्यात मोठ्या महोत्सवाला जाऊ नका. पाच-सहा तास सलग बसून तीन-चार कलाकार ऐकायचे म्हणजे नवख्याला अजीर्ण होतं. एखाद्या संगीत मंडळाची, दीडशे-दोनशे खुर्च्यांच्या सभागृहातली, एकाच कलाकाराची मैफल शोधा. पुण्यात असाल तर पर्यायांची ददात नाही. मुंबईत माटुंग्याचं दादर-माटुंगा कल्चरल सेंटर आहे, कोल्हापुरात गायन समाज देवल क्लब आहे, गोव्यात पणजीची कला अकादमी आणि मडगावचं रवींद्र भवन आहे. नाट्यगृहाबाहेरचे फलक आणि स्थानिक वर्तमानपत्रातली ‘आजचे कार्यक्रम’ ही चौकट वाचायची सवय लावा. अशा कितीतरी मैफली विनामूल्य असतात. शेवटच्या ओळीतलं ‘प्रवेश सर्वांसाठी खुला, काही जागा राखीव’ हे वाक्य खरंच तसं असतं, बिचकू नका.

नाव ऐकलेल्या कलाकारासाठी अडून बसू नका. तिशीतल्या, अजून नाव होत असलेल्या गायिकेची सकाळची मैफल ही फार चांगली सुरुवात असते. ती जीव ओतून गाते, गर्दी कमी असते आणि पुढची रांग मिळते.

सकाळची मैफल मुद्दाम म्हटलं, कारण रागांच्या वेळा ठरलेल्या असतात. दुपारी भीमपलास, मुलतानी. संधिकाळी मारवा, पूरिया, श्री. रात्रीच्या सुरुवातीला यमन, भूप. उशिरा बागेश्री, मालकंस, दरबारी असा प्रहरांचा रिवाज आहे. बहुतेक मैफली संध्याकाळी असल्यामुळे आपल्या वाट्याला तेच ते संध्याकाळचे राग येतात. तोडी, ललत, अहिरभैरव हे सकाळचे राग समोर बसून ऐकायचे असतील तर रविवारी सकाळी अंथरूण सोडण्याला पर्याय नाही. दिवाळीतल्या पहाटेच्या मैफली हा एक मार्ग आहे, पण तिथे बऱ्याचदा अर्धा तास शास्त्रीय आणि बाकी भावगीतं, नाट्यगीतं असा बेत असतो. जाहिरात नीट वाचून जा.

कुठे बसायचं, काय न्यायचं

पहिल्या रांगेपेक्षा तिसरी-चौथी रांग बरी. अगदी पुढे बसलं की आवाज कर्ण्यातून एकीकडून येतो आणि मान वर करून दुखते. गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डावीकडे संवादिनी (पेटी) ही मांडणी बहुधा दिसते आणि दोन्ही साथीदार थोडे गायकाकडे वळून बसतात. त्यामुळे श्रोत्यांच्या उजव्या बाजूला बसलात तर तबलजीचा चेहरा दिसतो, डाव्या बाजूला बसलात तर पेटीवाल्याचा. चित्र काढायचं असेल तर हे आधी ठरवा.

पिशवीत पाण्याची बाटली, पातळ शाल (वातानुकूलित सभागृहं जीव घेतात), हाताएवढी वही, दोन पेन्सिली. खाऊ नेलात तर तो प्लॅस्टिकच्या कुरकुरणाऱ्या पुडीत नको. खोकला असेल तर खडीसाखर ठेवा आणि कडेची खुर्ची घ्या. फोन बंद. थरथर मोडवरसुद्धा नको, लाकडी खुर्चीत तो चांगला ऐकू जातो.

रेकॉर्डिंगचा मोह सगळ्यांना होतो. माझं म्हणणं ठाम आहे: करू नका. एक तर कलाकार आणि आयोजक बहुतेक वेळा मनाई करतात. दुसरं म्हणजे ‘घरी जाऊन नीट ऐकू’ असं मनाशी ठरलं की समोरचं ऐकणं तिथेच थांबतं. वही काढलेला माणूस उलट जास्त लक्ष देतो, कारण जे निसटेल ते निसटेल हे त्याला माहीत असतं.

पडदा उघडल्यावर

सुरुवातीची पाच-दहा मिनिटं तंबोरे जुळवण्यात जातात. हा उशीर नाही, कार्यक्रमाचा भाग आहे. तंबोऱ्याला चार तारा असतात: मधल्या दोन षड्जाच्या (सा), शेवटची खर्जाची (खालचा सा), आणि पहिली रागाप्रमाणे बदलते. बहुतेक वेळा ती पंचमात (प) असते. पण मालकंस किंवा ललत गायचा असेल तर पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमात लावतात. मारवा, पूरिया असेल तर निषादात. म्हणजे गायकाने तोंड उघडायच्या आधीच तुम्हाला सुगावा लागू शकतो. शेजारच्या जाणकाराकडे वळून हळूच ‘आज पंचम नाही वाटतं’ म्हणून बघा, एकदम बढती मिळते.

पुढचा क्रम साधारण ठरलेला: थोडा आलाप (तालाशिवाय राग उलगडणं), मग विलंबितातला बडा ख्याल, त्यात स्वरविस्तार, बोलआलाप (बंदिशीच्या शब्दांतून आलाप), सरगम, ताना (वेगात घेतलेल्या स्वरांच्या लडी). नंतर त्याच रागात जलद लयीतला छोटा ख्याल किंवा तराणा (अर्थ नसलेल्या बोलांची रचना). हा मुख्य राग तासभर चालतो. मग एखादा दुसरा, आटोपशीर राग. मध्यंतरानंतर ठुमरी, नाट्यगीत किंवा अभंग आणि शेवटी भैरवी. भैरवी सुरू झाली की घड्याळ बघायची गरज नाही, गाडीची किल्ली मात्र शोधू नका. निम्मं सभागृह भैरवीतच उठतं आणि मला ते अजिबात आवडत नाही.

दाद कधी द्यायची? गाण्यातली एखादी जागा, म्हणजे सुरावटीचा तुकडा, आवडली तर ‘वा’ निघतंच, ते अडवू नका. पण मुद्दाम काढू नका. टाळ्या बंदिश संपल्यावर. तबल्यावर तिहाई (एकच तुकडा तीनदा) समेवर नेमकी येऊन पडली तर मध्येही टाळ्या पडतात, ते चालतं. आलाप सुरू असताना मात्र हात मांडीवर. बाहेर जायचंच असेल तर दोन रागांच्या मधल्या वेळात जा. भारतीय बैठकीत पाय मंचाकडे लांब करू नका, गुडघे दुखत असतील तर मागे भिंतीजवळ जागा धरा, कुणी काही म्हणत नाही.

पेन्सिल

आता माझा आवडता भाग. मैफलीत चित्र काढायला चित्रकार असावं लागत नाही. उजेड कमी असतो, माणसं हलत असतात, त्यामुळे चित्र चांगलं येणारच नाही आणि हेच त्याचं सुख आहे.

साहित्य कमीत कमी: ए5 किंवा त्याहून लहान वही, चार-बी आणि सहा-बीच्या पेन्सिली. खोडरबर नको. घासल्याचा आवाज येतो आणि खोडायला लागलात की ऐकणं थांबतं. शार्पनरही नको, दोन्ही पेन्सिली घरूनच टोकदार करून आणा. पान उलटताना लयीत उलटा. तबल्याच्या भरगच्च बोलात ते लपतं, आलापात ते सगळ्यांना ऐकू जातं.

सुरुवात तंबोऱ्यापासून करा. मागे बसलेले शिष्य आणि त्यांच्या मांडीवरचे तंबोरे, एवढीच मंचावरची स्थिर गोष्ट. भोपळ्याचा मोठा गोल, त्यावर उभी दांडी, वर खुंट्या. दोन रेघांत माणूस आणि वाद्य उभं राहतं. मग गायकाचे हात. चेहऱ्याकडे सुरुवातीला जाऊच नका. चेहरा ओळखू आला नाही की मन खट्टू होतं, हाताचं तसं नसतं. कागदाकडे न बघता, नजर हातावर ठेवून एका रेघेत तो हात उतरवा. मींड घेताना (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना) हात संथ सरकतो, तानेत तो तुटक होतो, तार षड्ज (वरचा सा) लागला की वर जाऊन क्षणभर थांबतो. रेघ जिथे थांबते तिथे स्वर थांबलेला असतो. काही मैफलींनंतर लक्षात येतं की आपण हात काढत नसून स्वराचा रस्ता काढतोय.

ज्यांना माणसं काढायची नाहीत त्यांनी नुसता आलेख काढावा. डावीकडून उजवीकडे एक रेघ, स्वर चढला की वर, उतरला की खाली, समेला एक ठिपका. एका आवर्तनाला एक ओळ. पान भरलं की ख्यालाचा आकार दिसतो: सुरुवातीला खालच्या पट्टीत रेंगाळणारी रेघ हळूहळू वर सरकत जाते. बढत कशाला म्हणतात ते त्या पानावर दिसतं. भरतकाम करणारी मंडळी असा आलेख घरी नेऊन कापडावर उतरवू शकतात, टाके घालताना तोच राग लावून.

फोटो काढायची आवड असेल तर आयोजकांची परवानगी घ्या, फ्लॅश बंद, शटरचा आवाज बंद, आणि पहिल्या दहा मिनिटांत उरकून कॅमेरा पिशवीत.

वही

घरी आल्यावर, झोपण्यापूर्वी, पाच ओळी लिहा. तारीख, ठिकाण, कलाकार आणि साथीदारांची नावं (तबला आणि संवादिनीवर कोण होतं हे लिहायला विसरतात, ते आधी लिहा), राग, ताल आणि एक जागा जी अजून कानात आहे. रागाचं नाव कळलं नाही तर ‘माहीत नाही, पण कोमल गंधार वाटला’ असं लिहा. ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’, ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द वहीत बंद. ते वर्तमानपत्राला लागतात. ‘तारसप्तकात गेल्यावर आवाज पातळ झाला, पण तिने तोच पातळपणा वापरला’ हे वाक्य दहा वर्षांनी वाचलं तरी ती मैफल डोळ्यांपुढे येते.

तिकिटाचा अर्धा तुकडा, निमंत्रणपत्रिका त्याच पानावर चिकटवा. मोबाइलवरच्या तिकिटाने हे सुख घालवलं आहे खरं.

आता ‘सवाई’

चार-सहा छोट्या मैफली झाल्या की डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला पुण्याला या. भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 साली हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. 2011 साली पंडितजी गेल्यानंतर त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं, तरी पुणेकर ‘सवाई’च म्हणतात. कित्येक वर्षं तो रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा, अलीकडे मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो.

पूर्वी तो रात्रभर चालायचा. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम आल्यापासून सत्रं दुपारी सुरू होऊन दहाला संपतात. बाराची सूट एखाद्या दिवशी मिळते. त्यामुळे पहाटेच्या तोडीची वाट पाहत शालीत गुरफटून बसलेले लोक आता फक्त आठवणींत भेटतात, आणि त्या ऐकवणारेही भरपूर भेटतात.

पहिल्या वर्षी सगळ्या दिवसांचं तिकीट काढू नका. एकच दिवस निवडा, तोही असा की एक गायन, एक वादन आणि एक अनोळखी नाव त्यात असेल. भारतीय बैठकीचं तिकीट सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं. सतरंजी, पाठीला उशी आणि स्वेटर न्या. मंडपात दुपारी उकडतं आणि रात्री आठनंतर डिसेंबर जाणवतो. जागा धरून ठेवण्यावरून वाद होतात, हसून सरकून घ्या. बाजूला बसलेले काका कुठल्या वर्षी कोण काय गायलं ते सांगतीलच. मध्ये मध्ये ऐका, कारण त्यात तथ्य असतं, पण गाणं सुरू झाल्यावर बोलू लागले तर वहीत मान घाला.

जेवणाची वेळ आधी ठरवा. सगळेच दोन कलाकारांच्या मधल्या वेळात ठेल्यांकडे धावतात. नको असलेला कलाकार असं कुणी नसतं हे खरं, पण पोटही खरं आहे. एक छोटा ख्याल बाहेर कर्ण्यावरून ऐकत बटाटेवडा खाण्यात काही पाप नाही. शेवटच्या दिवशी मात्र शेवटपर्यंत थांबा. सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावून महोत्सवाची सांगता करायची प्रथा आहे.

पुढे शिकायचं का?

शिका, पण विशारद होण्यासाठी नको. नोकरी सांभाळून आठवड्यातून एकदा तबल्याच्या किंवा गाण्याच्या शिकवणीला गेलात तरी ऐकणं पार बदलतं. माझा कल तबल्याकडे, कारण चार महिन्यांत ठेके हातात बसतात आणि तोवर समेची भीती जाते. गाणं शिकणाऱ्यांनी तंबोऱ्याचं ॲप वापरायला हरकत नाही. फक्त आधी कुणाकडे तरी जाऊन खरा तंबोरा एकदा मांडीवर घ्या आणि जुळवून पाहा. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा धागा थोडा पुढेमागे सरकवला की साधी तार एकदम गुंजायला लागते. ती जवारी. ॲपमध्ये तिचं बटण असतं, पण बोटाला ती कळत नाही.

हे मुळापासून पाहायचं असेल तर मिरजेला जा. रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, एका दिवसात होतं. सतारमेकर मंडळींची दुकानं आणि कारखाने एकमेकांना लागून आहेत. पंढरपूर भागातून येणारे मोठे भोपळे वाळवून, कापून, त्यांना लाकडी गळा आणि दांडी जोडून तंबोरे, सतारी घडतात. या दोन्ही वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. गावातल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसाच्या दिवसांत तिथे संगीत सभा होते. कारखान्यात गेलात तर आधी विचारून बसा, कामात असलेल्या माणसाला प्रश्नांनी भंडावू नका. चित्र काढू का विचारलंत तर सहसा हो म्हणतात. आणि वाद्य घ्यायचं नसेल तर तसं पहिल्याच वाक्यात सांगून टाका, नाहीतर तुमच्यासाठी चार तंबोरे जुळवून दाखवले जातील आणि मग रिकाम्या हाताने निघणं जड जाईल.